तिसऱ्या बोरीपाशी

हैदरने खाकी पँटच्या कमरेतला दोरा दातांनी तोडला, शिवण अंगठ्याने दाबून पाहिली आणि समोर उभ्या असलेल्या हवालदार वीरप्पाला म्हटलं,

"आता आत कापड उरलं न्हाय. पुढच्या खेपेला पँट आणू नका, पोट कमी करून या."

"ते ऱ्हाऊ द्या चाचा. चला, पंच व्हायचंय."

हैदरने सवयीने मशीनवरचं कापड बाजूला सारलं आणि मोकळी झालेली वीतभर फळी हाताने पुसली. सही करायची जागा. पोलीस चौकी रस्त्याच्या पलीकडे आणि दुकान अलीकडे, त्यामुळे कुठेही काही जप्त झालं की पंचनाम्याचा कागद आधी इथे येई. एकतीस वर्षं तो अशीच फळी पुसत आला होता.

"आणा कागद."

"कागद मागनं. आता जागेवर यावं लागतंय की हो. मोबाईलात धरतात सगळं. नवा कायदा हाय."

"मी? जागेवर?"

"तुमी अन् शिवलिंगप्पा. जुम्म्याच्या नमाजाच्या आत आणून सोडतो. उठा."

गळ्यातली माप घ्यायची टेप काढायची राहून गेली, तशीच घेऊन तो रस्ता ओलांडून गेला. चौकीच्या पायरीवर विठाबाई बसली होती. फडक्यात बांधलेल्या भाकरी तिने मांडीवर धरल्या होत्या, आत नेऊ दिल्या नव्हत्या. तिचा मुलगा बलभीम माळावरच्या पवनचक्क्यांचा वॉचमन. आठ दिवसांपूर्वी एका चक्कीची तांब्याची केबल कापून नेली होती, आणि ज्याची पाळी होती त्यालाच चौकीने उचललं होतं. आज त्याची कोठडी संपत होती. तीन वाजता कोर्टात न्यायचं होतं. माल मिळाला नाही तर जामीन होईल, मिळाला तर जेल, एवढं तिला कुणीतरी समजावून सांगितलं होतं.

हैदरला जीपकडे जाताना पाहून ती उठली.

"चाचा, तुमी हाय व्हय पंच?"

तो थांबला.

"मग बरं झालं," ती म्हणाली. तिचा चेहरा खरोखरच हलका झाला. "आपला माणूस हाय. तुमी काय खोटं बोलायचं न्हाय."

हैदर जीपमध्ये चढला.

मागच्या बाकावर शिवलिंगप्पा आधीच बसला होता. त्याची पिठाची गिरणी चौकीच्या भिंतीला लागून, म्हणून तो दुसरा पंच. भुवयांवर ज्वारीचं पीठ होतं. समोरच्या बाकावर बलभीम आणि त्याच्या बेडीचं दुसरं टोक धरलेला शिवानंद नावाचा शिपाई.

"आधी घरबसल्या पंच होतो," शिवलिंगप्पा म्हणाला, "आता वऱ्हाडावानी न्यायला गाडी येतीय. हैदऱ्या, लई बढती झाली आपली."

शिवानंद हसला. बलभीमही सवयीने हसला आणि मग त्याने मान खाली घातली. त्याच्या शर्टाची काखेतली शिवण उसवली होती. हैदरची नजर तिथेच राहिली. ताणून उसवलेली शिवण आणि जुनी होऊन उसवलेली शिवण, दोन्ही वेगळ्या दिसतात.

जीप ईट गावाच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना तूर पिवळी झाली होती आणि तिच्यावर, माळाच्या कडेला, चक्क्यांची पांढरी पाती सावकाश फिरत होती.

हैदर सही करायला चौकीतच शिकला होता. तेव्हाच्या जमादाराने सांगितलं होतं, अंगठा नको, कोर्टात सही बरी दिसते. मग त्याने पाटीऐवजी काळ्या कापडावर शिलाईच्या खडूने आपलं नाव गिरवलं, झटकलं, पुन्हा गिरवलं. पुढे कापडाचे नमुने बेतताना रद्दीतली वर्तमानपत्रं कापायचा, त्यातली अक्षरं जुळवत जुळवत वाचायलाही आलं. तोवर पन्नाशी उलटली होती. वाचायला आल्यावर पहिल्यांदा त्याने पंचनामा सही करण्याआधी वाचला. 'आम्ही पंच दुपारी चार वाजता विहिरीवर समक्ष हजर असताना' असं त्यात होतं. दुपारी चार वाजता तो दुकानात उशांचे अभ्रे शिवत होता. त्याने कागद दोनदा वाचला आणि सही केली. बायकोला, जैनबबीला, त्या रात्री तो म्हणाला होता, आपण पाहिलं नाही म्हणजे ते खोटंच असेल असं थोडंच आहे. जैनबबीने दिव्याची वात खाली केली होती.

ओढ्यापाशी जीप थांबली. ओढा कोरडा होता. काठाने बोरीची सात-आठ झुडपं एका ओळीत होती.

"लोमटे मॅडम तालुक्यावरनं निघाल्यात," वीरप्पा म्हणाला. "त्या यायच्या आत एकदा करून बघू. त्या आल्यावर मग चुकायला नको. एकदा त्यांनी मोबाईल चालू केला की पुसता येत न्हाय. शिवानंद, सोड त्याला. हं बलभीम, चल. दाखव."

बलभीम दहा पावलं चालला. पहिल्या बोरीपाशी थांबला आणि मागे वळून पाहिलं.

"ही?"

शिवलिंगप्पाला हसू आलं.

"आरं तिसरी!" वीरप्पा ओरडला. "सकाळी सांगितलं न्हाय का? तिसरी. परत ये. परत पयल्यापास्नं."

बलभीम परत आला. पुन्हा निघाला. या वेळी तो पुष्कळ पुढे गेला आणि ओळ संपवून उलटा मोजत मागे आला. भलत्याच झुडपाखाली वाकून त्याने हाताने पाला सारला. खाली माती होती.

"हिकडनं मोजायचं का तिकडनं, साहेब?" त्याने विचारलं. आवाजात उद्धटपणा नव्हता. शाळेत गणित चुकलेल्या मुलासारखं त्याने विचारलं.

वीरप्पाने कपाळ पुसलं. मग स्वतः चालत गेला आणि तिसऱ्या बोरीसमोर वाळूत बुटाच्या टोकाने लांब रेघ ओढली.

"ह्या रेघंपाशी थांबायचं. वाकायचं. पोतं काढायचं. म्हणायचं, हेच ते, म्या लपवून ठिवलं व्हतं. कळलं?"

"व्हय." बलभीम रेघेकडे पाहत राहिला. मग जवळच उभ्या असलेल्या हैदरला हळूच म्हणाला, "चाचा, आत काय हाय? मॅडमनी इचारलं तर?"

"केबल," वीरप्पानेच उत्तर दिलं. "बावीस मीटर."

"बरं," बलभीम म्हणाला आणि ओठ हलवत एकदा पाठ केलं. बावीस.

हैदरने गळ्यातली टेप बोटाला गुंडाळायला घेतली. गुंडाळत गेला, बोट पांढरं पडेपर्यंत. इतकी वर्षं कागद दुकानात यायचा तेव्हा असं काही डोळ्यांसमोर येत नव्हतं. कायद्याने त्याला घरून उचलून इथे आणून उभं केलं होतं, आणि आता न पाहिल्यासारखं करायला जागाच नव्हती.

"चाचा, तुमचं पाठ हाय नव्हं?" वीरप्पा म्हणाला. "नाव, वय, धंदा. मग स्वखुशीनं आलो. मग आमच्या समक्ष काढून दिलं. जादा बोलायचं न्हाय. अन् मॅडमनी इचारलं, याआधी पंच होता का, तर न्हाय म्हणायचं. एकच माणूस सारखा पंच दिसला की वकील कोर्टात कातडं सोलतो."

"हौ," हैदर म्हणाला.

अर्ध्या तासाने पांढरी गाडी आली. उपनिरीक्षक आरोही लोमटे खाली उतरल्या. नोकरीला दोन वर्षं झाली होती. चौकीत रुजू झाल्या तेव्हा त्यांच्या वर्दीचे खांदे हैदरनेच आत घेतले होते. त्यांनी घड्याळ पाहिलं, मोबाईल काढला, ओढ्याकडे पाठ करून नियमाप्रमाणे आधी स्वतःचा फोटो घेतला.

"चाचा, तुम्ही आलात होय," त्या म्हणाल्या. "घाबरायचं काही नाही. पूर्वीसारखं राहिलेलं नाही आता. जे घडतं ते जसंच्या तसं धरलं जातं. मी सुरू केलं की मलासुद्धा त्यातलं काही काढता येत नाही, म्हणून नीट, सावकाश बोला."

"तुम्हालाबी येत न्हाय?"

"नाही."

"मोठ्या साहेबांना?"

त्या हसल्या. "त्यांनाही नाही. उभे राहा असे, उजेडात."

हैदर उजेडात उभा राहिला. शिवलिंगप्पा त्याच्यामागे, पिठाच्या भुवया पुसत. मॅडमनी मोबाईल वर धरला आणि तारीख, वेळ, ठिकाण बोलून घेतलं.

"पंच क्रमांक एक. नाव सांगा."

"शेख हैदर शेख इमाम. वय एकाहत्तर. धंदा शिलाई."

"तुम्ही पंच म्हणून स्वखुशीने हजर आहात?"

"आज हाय."

मॅडमची भुवई किंचित वर गेली, पण त्या पुढे बोलत राहिल्या. "आता आरोपी पंचांसमक्ष जी जागा दाखवेल…"

"मॅडम, त्याला कशाला तरास देता?" हैदर म्हणाला. "जागा मीच दाखवतो. तिसऱ्या बोरीखाली हाय. पोतं. आत बावीस मीटर केबल."

शिवानंदच्या हातातली बेडीची साखळी तेवढी वाजली.

"तुम्हाला कसं माहीत?"

"वीरप्पासाबांनी सांगितलं. पोरालाबी त्यांनीच सांगितलं. त्याला ठाऊक नव्हतं. आधी पहिलीपाशी थांबला. मग उलटीकडनं मोजत भलतीकडंच गेला, पाला सारला, खाली माती. मग साबांनी बुटानं रेघ ओढून दिली. रेघ हाय बघा अजून."

मॅडमनी मोबाईल सावकाश वळवला. वाळूत रेघ होती, सरळ, हातभर लांब. तिच्या शेजारी बुटाचा ठसा होता. थोडा वेळ त्यांनी मोबाईल तिथेच धरला.

"मॅडम, म्हातारा भरमलाय," वीरप्पा पुढे येत म्हणाला. "वय झालं त्याचं. बंद करा, दुसरा पंच बघू."

"बंद केलं तरी एवढं राहतंच, हवालदार," त्या म्हणाल्या. आवाज कोरडा होता. कुणावर चिडल्या होत्या ते कळत नव्हतं. मोबाईल पुन्हा हैदरकडे आला. "यापूर्वी कधी पंच म्हणून राहिला आहात?"

वीरप्पाने हैदरकडे पाहिलं. ती नजर ओळखीची होती. चौकीच्या वर्द्या, बंदोबस्ताच्या वेळी आलेल्या पन्नास माणसांच्या दुरुस्त्या, अतिक्रमण हटवणाऱ्यांना दुकानापासून लांब ठेवणं, हे सगळं तिच्यात होतं.

"राहिलोय," हैदर म्हणाला. "एकतीस वर्षं. किती कागद ते ध्यानात न्हाय. एकाही जागेवर गेलो न्हाय. दुकानात बसून सह्या केल्या. आज पहिल्यांदा जागा बघतोय."

"कोर्टात साक्ष दिलीत?"

"सहा बारी पेटीत उभा राहिलो. शपथ घेऊन बोललो, समक्ष होतो."

मॅडमनी मोबाईल धरलेल्या हाताला दुसऱ्या हाताचा आधार दिला. "चाचा, तुम्ही काय बोलताय हे तुम्हाला कळतंय ना? हे उद्या तुमच्याच अंगावर येईल."

"येऊ द्या. माझ्याच मापाचं हाय."

"हैदऱ्या," मागून शिवलिंगप्पा पुटपुटला, "गप की आता."

हैदर गप्प झाला नाही. त्याने टेप बोटावरून सोडवली आणि सरळ मोबाईलकडे पाहून बोलला. कोर्टात न्यायाधीशासमोर बोलायचा तसा नाही. तिथे तो नेहमी जमिनीकडे बघून बोलत असे.

"उत्तरेश्वर म्हणून एक माणूस हाय आमच्या गावात. पाण्याची मोटर चोरली म्हणून त्याला दोन वर्षांची जेल झाली. पंच मीच. कोर्टात बोललो, माझ्यासमोर त्यानं कडब्याच्या गंजीतनं मोटर काढून दिली. सुटून आला, तवा दुकानात आला माझ्या. मला वाटलं, आता मारतोय. त्यानं शर्ट काढून मशीनवर ठेवला, म्हणला, कॉलर उलटून द्या. मी दिली. पैसे घेत नव्हतो, तर ठेवले. जाताना दारात थांबला अन् म्हणला, चाचा, एक इचारू? ती मोटर कसल्या रंगाची व्हती हो? मला कुणी दाखवलीच न्हाय."

हैदर मोबाईलच्या आणखी जवळ सरकला.

"मला सांगता आलं न्हाय मॅडम. मलाबी कुणी दाखवली नव्हती. त्याची बायको दैवशाला अजून माझ्याकडंच झंपर शिवायला टाकते. मापाला उभी राहते, बोलत न्हाय. हे सगळं घ्या ह्यात. अन् हे पोतं ह्या पोरानं काढून दिलेलं न्हाय. मी शेख हैदर, वाचून सही करीन तर एवढ्यावरच करीन."

बलभीम त्याच्याकडे टक लावून बघत होता. त्याचे ओठ अजून बावीस म्हणायच्या तयारीत थोडे उघडे होते.

मॅडमनी चित्रीकरण थांबवलं. वारा होता तरी त्यांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, बोटाने एकदा दाबलं, पुन्हा दाबलं. वीरप्पा त्यांच्या खांद्याजवळ येऊन वाकला. त्याचा चेहरा हळूहळू सैल झाला.

"मॅडम," तो हळू आवाजात म्हणाला, पण ओढ्यात सगळ्यांना ऐकू गेलं, "हिथं रेंज न्हाय. गेलं न्हाय ते अजून."

मॅडमनी मोबाईल उंच धरून पाहिला.

"वर पोचलं न्हाय म्हंजे फकस्त तुमच्या मोबाईलात हाय. अन् मोबाईल काय, पडतो, फुटतो. नवी नोकरी हाय तुमची. साहेबांचा सकाळधरनं तीनदा फोन. तीनच्या आत माल दाखवायचाय. ह्या म्हाताऱ्यापायी…"

त्याने वाक्य पुरं केलं नाही. मॅडम मोबाईलकडे बघत होत्या. अंगठा काचेवर होता, टेकलेला नव्हता. कुणीच हललं नाही. वरच्या माळावर चक्कीचं एक पातं खाली आलं, दुसरं आलं.

हैदरने ओढ्याच्या काठाकडे पाहिलं. मग टेप नीट घडी करून खिशात घातली, लुंगीचा काठ वर खोचला आणि चढ चढायला लागला. पायाखालून खडे सुटत होते. एका हाताने गुडघा दाबत, दुसऱ्या हाताने गवत धरत तो वर निघाला.

"चाचा!" मॅडमनी हाक मारली. "कुठं निघालात?"

"रेंजकडं," तो न थांबता म्हणाला. "चक्कीखाली येते. चक्कीवाली पोरं तिथं उभं राहून फोन करतात. तुम्ही या. पोचल्याबिगर मी काय खाली उतरत न्हाय."

"ओ चाचा, जुम्मा चुकल की तुमचा!" वीरप्पा ओरडला.

"चुकू द्या."

तो चढत राहिला. थोड्या वेळाने त्याला खाली मॅडमचा आवाज ऐकू आला.

"शिवानंद, आरोपीला जीपमध्ये बसवा, आणि हवालदार, तुम्ही त्या पोत्याला हात लावू नका. रेघेलाही नाही. इथंच थांबा." मग थोडं थांबून, "शिवलिंगप्पा, तुम्ही चला वर. तुमचं राहिलंय."

"माझं?" शिवलिंगप्पा म्हणाला. "माझं काय मॅडम, म्या आपला नावाला…"

"चला."

शिव्या घालत, धापा टाकत शिवलिंगप्पा हैदरच्या बरोबरीला आला. मॅडम त्यांच्या मागे होत्या, मोबाईल छातीशी धरून. वर वारा वाढला होता. पात्यांचा घुम्म आवाज आता जवळून येत होता.

"म्हातारपणी डोंगर चढाया लावलास, हैदऱ्या," शिवलिंगप्पा म्हणाला. "गिरणीत दळण तसंच पडलंय. वीरप्पा उद्या तुझी मशीन रस्त्यावर फेकतंय का न्हाय बघ. माझी गिरणीबी."

"फेकू दे."

"फेकू दे म्हणं." तो पुढे चार पावलं गेला आणि थांबला. चेहऱ्यावरच्या पिठातून घामाचे ओघळ उतरले होते. मॅडम ऐकत नाहीत ना, हे मागे वळून पाहून त्याने आवाज खाली आणला.

"आरं पन वर गेल्यावर म्या बोलू काय? तुझ्यावानी मला कुणी येऊन काय इचारलं न्हाय. तुझ्याइतक्याच सह्या केल्या, पन इतक्या वर्सांत म्या कायच बघितलं न्हाय."

हैदरने श्वास घ्यायला एका दगडावर हात टेकला.

"मग तेच बोल," तो म्हणाला.